माऊसने रांगोळीची रेघ जमेना, इंकस्केप कुठून शिकायला सुरू करू?

निपाणीची_रांगोळी

नमस्कार सगळ्यांना. मी निपाणीची, लहानपणापासून रांगोळी काढते, आता बारशाच्या नि लग्नाच्या ऑर्डरीपण घेते, ठिपक्यांची, गालिचा, पानाफुलांची, सगळी. गेल्या दिवाळीत डोक्यात आलं की माझ्याच रांगोळ्यांचे स्टिकर करून विकायचे, उंबऱ्याला, देव्हाऱ्यापुढं, ताटाभोवती चिकटवायला. रेडियमच्या, म्हणजे स्टिकर कापून देणाऱ्या दुकानात विचारलं तर म्हणाले वेक्टर फाईल, म्हणजे रेघांची फाईल आणा, फोटो चालत नाही. भावाने त्याचा जुना लॅपटॉप दिला, ४ जीबी रॅमचा, त्यात इंकस्केप टाकून दिलं, वेक्टर काढायचं सॉफ्टवेअर, हे फुकट आहे म्हणाला, तिथनं पुढं त्यालापण काय माहीत नाही.

मी काय केलं, अंगणातल्या रांगोळीचा वरून फोटो काढला नि पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप म्हणून आहे त्याने रेघ करून घेतली. स्क्रीनवर अगदी हुबेहूब दिसत होतं वो. पेनड्राईव्ह घेऊन दुकानात गेले, मशीन सुरू झाली नि नुसती थरथरायला लागली, एकेक कोयरी कापायला केवढा वेळ, आणि सोलायला घेतल्यावर पाकळ्यांची टोकं फाटून हातात आली. दोन फूट विनाईल, म्हणजे स्टिकरचा प्लास्टिक कागद, वाया. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत हे त्याचं मोठेपण, मला खरं रात्रभर झोप लागली नाही.

मग ठरवलं की फोटोचा नाद सोडायचा नि स्वतः काढायचं. कीबोर्डवर बी दाबून पेन टूल घेतलं. क्लिक केलं की सरळ रेघ येते, ओढून क्लिक केलं की वळते खरं कुठं वळंल सांगता येत नाही, पुढचा ठिपका टाकला की मागची रेघ पोट काढून भलतीकडंच जाते. चिमटीत रांगोळी धरली की माझा हात न बघता जातो नि इथं एका कोयरीला अख्खी संध्याकाळ जाते.

तर विचारायचं हे की सुरुवात कुठून करायची? पेनाचा टॅब्लेट घेतला तर सोपं होईल का? इकडं सगळे कोरल, ते विकतचं सॉफ्टवेअर, वापरतात, मग तेच शिकावं का? बेळगावात क्लास आहेत खरं निपाणीहून रोज येणं-जाणं घरचं बघून जमणार नाही. आणि पाकिटावर नाव मराठी नि कन्नड दोन्हीत टाकायचंय, ते यात नीट येतं का?

रेडियमवाला_शहापूर

ताई, तुमची फाईल न बघता सांगतो काय झालं असणार, कारण असली फाईल माझ्याकडं आठवड्याला एक तरी येते. मी शहापुरात रेडियम कटिंग करतो, गाड्यांचे नंबर, दुकानांच्या काचा, मंडळांची नावं.

आमच्या मशीनला चित्र दिसत नाही वो. तिला फक्त पाथ दिसतो, म्हणजे ब्लेडने कुठून कुठं जायचं ती वाट. वाटेवरचा एकेक नोड म्हणजे तिला दिलेली एकेक सूचना. नीट काढलेल्या कोयरीला पाच सूचना पुरतात. फोटो ट्रेस केला की रांगोळीच्या कडेचा कण न् कण संगणक मोजतो, कारण रांगोळीची कड जवळून बघितली तर भुसभुशीतच असते, नि पाचाच्या जागी पाचशे नोड टाकतो. ब्लेड प्रत्येक नोडवर दिशा बदलतं, म्हणून ते थरथरणं. वर अंगणात सांडलेले कण वेगळे बेट म्हणून मोजले जातात, ते पण मशीन इमानदारीने एकेक कापत बसते.

तुम्हीच बघा आता. ती फाईल उघडा, चित्रावर क्लिक करा, एन दाबा. सगळी रेघ मुंग्या लागल्यासारखी दिसेल. कंट्रोल एल दाबलं की नोड कमी होतात, त्याला सिम्प्लिफाय म्हणतात, खरं दोनतीनदा दाबलं की टोकं बोथट होऊन कोयरीची शान जाते. त्यापेक्षा फोटो खाली ठेवून वरून स्वतः काढलेलं कधीही चांगलं. फोटो इंपोर्ट करा, ओपॅसिटी निम्मी करा म्हणजे तो फिका दिसेल, त्या लेयरला कुलूप लावा म्हणजे तो हलणार नाही, नि वर नवीन लेयर घेऊन काढायला घ्या.

आता तुमची कोयरी. शेंडा उजवीकडं वळलेला धरू.

पहिला नोड शेंड्यावर, नुसता क्लिक, ओढायचं नाही, कारण तिथं टोक पाहिजे. दुसरा, कोयरीचा माथा जिथं सगळ्यात उंच जातो तिथं, क्लिक करून डावीकडं ओढा, कंट्रोल दाबून ठेवा म्हणजे हँडल, नोडमधून निघणारी वळण ठरवणारी दांडी, आडवं सरळ राहतं. तिसरा, डाव्या बाजूला पोट जिथं सगळ्यात बाहेर येतं तिथं, खाली ओढा, हँडल उभं. चौथा बुडाला, सगळ्यात खाली, उजवीकडं ओढा, आडवं. पाचवा उजव्या पोटाला, वर ओढा, उभं. मग परत पहिल्या नोडवर क्लिक केलं की कोयरी बंद. झालं. मग एन दाबून शेंड्याजवळचं वळण हँडल ओढून पाहिजे तसं आत घ्यायचं.

नोड कुठं टाकायचा हे तुम्ही आत्तापर्यंत मनाने ठरवत होता म्हणून रेघ पोट काढत होती. वळण जिथं सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडं, सगळ्यात उजवीकडं जातं तिथंच नोड. मधे कुठं नाही. आणि हँडल साधारण पुढच्या नोडपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांश ठेवा, त्यापेक्षा लई लांब ओढलं की रेघ फुगते नि गाठ मारते.

खात्री करायची तर एक वर्तुळ काढा, कंट्रोल शिफ्ट सी दाबून त्याचा पाथ करा, एन दाबा. एवढं गुळगुळीत वर्तुळ नि नोड किती, तर चार. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. त्याची हँडलं किती लांब आहेत ते नीट बघून ठेवा, त्रिज्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. तेवढं डोळ्यात बसलं की पुढचं सगळं त्याच अंदाजाने येतं.

खानापूरचे_गुरुजी

वरच्या दादांनी पेनचं फार छान सांगितलंय, मी जपून ठेवलं. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो, खानापूर तालुक्यात, इंकस्केप शिकलो लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या मे महिन्यात त्याची १.० आवृत्ती आली तेव्हा मुलांसाठी तक्ते करायचे म्हणून. शाळेचा संगणकपण ४ जीबीचाच आहे, चालतं. फक्त ब्लर वगैरे इफेक्ट लावू नका, तिथं मशीन दमतं.

खरं माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्या आठवड्यात पेन हातात घेऊच नका ताई. आधी नुसते आकार, वर्तुळ नि चौकोन, एकातून एक वजा करायचे, एकात एक मिळवायचे. मी जे पहिलं चित्र पूर्ण केलं ते सांगतो.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, बघितलीच असेल. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ मध्ये बांधलेलं जैन मंदिर. आत मान वर करून बघितलं की छताला उलटं दगडी कमळ आहे, ७२ पाकळ्यांचं, मागचे, आत्ताचे नि पुढं होणारे असे चोवीस-चोवीस तीर्थंकर धरून बहात्तर. शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, सर हे कसं मोजून काढलं असेल. ते माझ्या मनात राहिलं होतं, म्हणून तेच काढायला घेतलं. छतावरच्यासारखं हुबेहूब नाही, आपलं साधं, २४ पाकळ्यांची तीन कडी.

एक वर्तुळ काढलं, कंट्रोल डी दाबून त्याची दुसरी प्रत केली, बाजूला सरकवली अशी की दोन्ही थोडी एकमेकांवर येतील. दोन्ही निवडून पाथ मेनूतलं इंटरसेक्शन. मधला जो भाग उरला ती पाकळी, दोन्हीकडं टोकदार, दोन्ही बाजू अगदी सारख्या. एकही रेघ हाताने ओढली नाही. मग पाकळीवर परत एकदा क्लिक केलं की कोपऱ्याला फिरवायचे बाण येतात नि मधे एक बारीक अधिकचं चिन्ह दिसतं, ते चिन्ह म्हणजे खिळा, त्याच्याभोवती पाकळी फिरते. तो खिळा धरून पाकळीच्या खालच्या टोकाच्याही खाली नेऊन ठेवला. आता कंट्रोल डी, नि कंट्रोल दाबून कोपऱ्याचा बाण एक खटका फिरवा. कंट्रोल दाबलं की इंकस्केप १५ अंशांच्या टप्प्यानेच फिरवतं, आणि १५ गुणिले २४ बरोबर ३६०. चोविसावी पाकळी पहिलीच्या शेजारी अशी येऊन बसली की फटसुद्धा राहिली नाही. त्या दिवशी वर्गात मुलांना कोनाचा धडा याच्यावरच शिकवला.

रांगोळीत तुम्ही हेच करता, एक पाकळी मनात धरून गोल फिरवता. म्हणून म्हणतो की तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर येईल. ठिपके म्हणजे नोड समजा नि रेघ म्हणजे पाथ.

अजून एक, ही हँडलांची रेघ मुळात चित्रकारांसाठी झालीच नव्हती. फ्रान्समध्ये १९५९ मध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो नि पुढं साठच्या दशकात रेनो कंपनीत पिएर बेझिए, या दोघांनी गाडीच्या पत्र्याची वळणं मशीनला आकड्यात सांगता यावीत म्हणून हे गणित वेगवेगळं बसवलं. बेझिए कर्व्ह नाव त्यावरून. म्हणजे तुमचं स्टिकर कापणारं ब्लेड नि त्या गाड्यांची मशीन, दोघांना एकच भाषा कळते.

रेडियमवाला_शहापूर

गुरुजी बाकी सगळं मान्य, खरं ठिपके म्हणजे नोड हे ताईंनी शब्दशः घेऊ नये. रांगोळीत ठिपके जास्त तेवढी रांगोळी मोठी, पंधरा ते एकची काढली की गल्ली बघायला येते. इथं उलटं आहे. ठिपके जेवढे कमी तेवढी रेघ गुळगुळीत. रांगोळीवाल्या हाताला सवय असते की वळण चुकायला लागलं की मधे एक ठिपका टाकून सावरायचं, नि तेच इथं करायचं नाही. वळण चुकलं तर आधी हँडल हलवा, मग नोड सरकवा, आणि तरीही नाहीच जमलं तरच नवीन नोड.

खानापूरचे_गुरुजी

बरोबर आहे दादा, मी तसा विचार केला नव्हता. ताई, ठिपक्यांचं माझं वाक्य सोडून द्या, त्यांचं घ्या.

तिलकवाडीची_कॉलेजवाली

टॅब्लेटबद्दल सांगते, माझ्याकडं आहे म्हणून. ताई आत्ता घेऊ नका. टॅब्लेटवर पेन्सिल टूलने काढलं तरी ते मागनं नोडच टाकत जातं, नि हात थोडा हलला की परत नोडच नोड, तुमच्या ट्रेससारखंच. वर पट्टीत स्मूदिंग वाढवता येतं, ३०-४० ठेवलं तर बरं येतं, खरं स्टिकर कापायच्या कामाला पेन टूल नि साधा माऊसच बरा पडतो. मी टॅब्लेट वापरते ते रंग भरून चित्रं काढायला, ते वेगळंच काम नि वेगळं सॉफ्टवेअर. आधी माऊसवर सहा महिने काढा, मग वाटलं तर घ्या. फक्त लॅपटॉपच्या टचपॅडवर करत असाल तर आजच माऊस आणा, टचपॅडवर हँडल ओढणं म्हणजे हाताला शिक्षा.

निपाणीची_रांगोळी

अहो खरंच टचपॅडवर करत होते मी!! आज माऊस आणला.

वर्तुळाचं करून बघितलं, चारच नोड, दोनतीनदा मोजले. मग कोयरी केली दादांनी सांगितल्या क्रमाने. पहिली दोन फसली कारण कंट्रोल सोडून देत होते मधेच, तिसरी आली. पाच नोड. पोरगी शेजारी बसली होती, ती म्हणाली आई ही तुझ्या हातच्यासारखी दिसते. मला त्या एका वाक्याने एवढं बरं वाटलं.

एक अडलं. माझी वेलीची रेघ मी जाड केली, ३ मिलिमीटर, स्क्रीनवर जाड दिसते. तशीच कापून मिळेल ना?

रेडियमवाला_शहापूर

नाही मिळणार, नि बरं झालं विचारलंत. रेघेची जाडी, म्हणजे स्ट्रोक, ते नुसतं दिसण्यापुरतं असतं. ब्लेड रेघेच्या बरोबर मधोमध एकदा चिरत जाईल, हातात पट्टी येणारच नाही. व्ह्यू मेनूत डिस्प्ले मोड आहे, तिथं आऊटलाईन निवडा, सगळे रंग नि जाडी जाऊन केसासारख्या रेघा राहतील. ब्लेडला तेवढंच दिसतं. माझ्याकडं फाईल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच दाखवतो.

तर वेल पूर्ण झाली, जाडी मनासारखी झाली, की फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. मग दुसऱ्या प्रतीत सगळं निवडून पाथ मेनूत स्ट्रोक टू पाथ. आता रेघेला दोन्हीकडच्या कडा आल्या. मग परत सगळं निवडून युनियन, म्हणजे वेल जिथं कोयरीवरून जाते तिथल्या आतल्या रेघा जाऊन सगळं एकसंध होतं. आमच्यात याला वेल्ड म्हणतात, कोरलवाल्यांची सवय. युनियन केलं नाही तर प्रत्येक फुलीवर ब्लेड चिरतं नि सोलताना तुकडे पडतात. परत आऊटलाईनमध्ये बघा, एकावर एक गेलेली रेघ कुठंच दिसायला नको.

पट्टी ३ मिलिमीटर ठेवलीय ते चांगलं. दीड-दोनच्या खाली गेलात की सोलताना पट्टी कागदावरनं उचलते, उन्हाळ्यात तर जास्तच. नि टोकं लई अणकुचीदार ठेवू नका, स्ट्रोकची टोकं राऊंड करा, चिकटल्यावर तीच आधी सुटतात.

गणपतगल्ली_डीटीपी

कोरल की इंकस्केप यावर मी बोलतो, कारण पंचवीस वर्षं लग्नपत्रिका नि पावतीपुस्तकं कोरलवरच केली. बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, निपाणी, कुठंही जावा, प्रेसमध्ये कोरलच असणार, यात दुमत नाही. खरं तुम्हाला प्रेसमध्ये नोकरी करायची नाही, स्वतःची रेघ काढायची आहे, मग पैसे कशाला घालता. नोड नि हँडल दोन्हीकडं सारखंच. इंकस्केपचं २००३ पासून चालू आहे, त्याची स्वतःची फाईल एसव्हीजी, ती कोरल उघडतं. पीडीएफपण उघडतं. उद्या कोरल घ्यावंच लागलं तर बटणं कुठं आहेत एवढंच शिकायचं राहील.

आता अक्षरांचं, तिथं आमच्या भागात लोक लई फसतात. प्रेसमध्ये जुने फॉन्ट असतात, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीचे, मराठीचे वेगळे, कन्नडचे वेगळे. त्यात टाईप केलेलं दुसऱ्या संगणकावर नेलं की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हं येतात. तुम्ही सुरुवातीपासून युनिकोडच घ्या, इंकस्केपमध्ये जोडाक्षरं, रफार, कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडून येणारी अक्षरं, सगळं नीट बसतं. मराठी नि कन्नड एकाखाली एक ठेवणार असाल तर बलू टू घ्या, ते देवनागरी, नि त्याचंच कन्नड भावंड बलू तम्मा टू. दोन्ही फुकट, दोन्हींची जाडी नि गोलाई जुळते, पाकीट एका घरातलं वाटतं. नाहीतर एक अक्षर बारीक नि एक ठसठशीत असं होतं, माझ्या जुन्या पत्रिका काढून बघितल्या की अजून ते डोळ्यांना खुपतं. मराठी वळणाचा ल नि श पाहिजे असेल, देठाचा ल, तर तिरो देवनागरी मराठी घ्या. कन्नड ओळीला खाली जागा जास्त सोडा, ओत्तक्षर खाली उतरतात, ते पुढच्या ओळीला टेकायला नकोत.

कापायला किंवा छापायला देताना अक्षरं निवडून ऑब्जेक्ट टू पाथ करा म्हणजे समोरच्याकडं फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. खरं त्याआधी दोघांकडून वाचून घ्या, मराठी एकाने, कन्नड एकाने. पाथ झाल्यावर ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, वेलांटी बदलता येत नाही. माझ्या हातून एकदा नवरदेवाचं आडनाव असंच चुकून गेलंय, मूळ फाईल ठेवली नव्हती, रात्रभर बसून पत्रिका परत टाईप केली. तेव्हापासून दोन फायली, एक अक्षरांची नि एक पाथची.

पाकिटाच्या छपाईला रंगाचं लक्षात ठेवा. इंकस्केप स्क्रीनच्या रंगात काम करतं, लाल हिरवा निळा. प्रेस चार शाईत छापते. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी नि गडद निळा कागदावर मळका येतो, त्यात प्रेसची चूक नसते. एक नमुना छापून बघितल्याशिवाय पाकिटं छापायला सांगू नका. स्टिकरला हा प्रश्नच नाही, विनाईलचा जो रंग तोच रंग.

आणि पुढं दुकान टाकलंत, टाकालच, तर बोर्डावर ६० टक्के कन्नड नि तेही वरच्या भागात असा कर्नाटकात २०२४ पासूनचा कायदा आहे. डिझाईन करतानाच जागा धरून ठेवा, मागनं कन्नड घुसवलं की दोन्ही भाषा चेंगरतात नि बोर्ड कुणालाच वाचता येत नाही.

खानापूरचे_गुरुजी

डीटीपी काका, बलू तम्माचं माहीत नव्हतं, शाळेच्या दोन भाषांच्या फलकाला आजच वापरतो.

ताई, वेल करताना एकच बाजू काढा. दुसरी बाजू कंट्रोल डी नि एच दाबून आरशातल्यासारखी उलटवून घ्या. उंबऱ्याच्या पट्टीला तर चार इंचांचा एक तुकडा नीट जुळवला की पुढं नुसता चिकटवत न्यायचा. तुकड्याचं डावं टोक नि उजवं टोक एकाच उंचीवर पाहिजे आणि दोन्हीकडचं हँडल आडवं, मग जोड दिसत नाही.

निपाणीची_रांगोळी

तीन आठवड्यांनी लिहितेय. मधे घरी लग्न होतं.

उंबऱ्याची पट्टी केली. मधे गुरुजींच्या पद्धतीचं कमळ, २४ च्या जागी १२ पाकळ्या कारण छोट्या आकारात २४ दाट वाटत होत्या, म्हणून प्रत्येक पाकळीला दोन खटके फिरवले. दोन्ही बाजूला कोयऱ्या, त्यांच्यातून वेल. जुन्या ट्रेसच्या फाईलमध्ये खाली पट्टीत नोडचा आकडा दिसतो तो वाचला, चार हजारांच्या वर होता. आत्ताच्या पट्टीत स्ट्रोक टू पाथ नि युनियन करून एकशे अठ्ठ्याण्णव. जोडाजवळ एक नोड जास्तीचा वाटत होता, तो काढल्यावर वळण सुधारलंच.

त्याच दुकानात गेले. आधी वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी फाईल आऊटलाईनमध्ये बघितली, काही बोलले नाहीत, विनाईल लावलं. मशीनचा आवाजच वेगळा होता वो, गेल्या वेळी खरखर खरखर, आता कापड फाडल्यासारखा एकसलग. सोलायला मी स्वतः बसले, सुईने कडा उचलली नि बाहेरचं विनाईल एका ओढीत निघून आलं, आत वेल तशीच कागदावर. एक टोक सुटलं नाही. त्यांनी विचारलं कुठं शिकला, मी तुमची चौघांची नावं सांगितली, म्हणजे इथली नावं.

नऊ पट्ट्या गेल्या, सगळ्या लग्नातल्या पाहुण्यांकडंच. आता एका बाईंना त्यांच्या ब्युटी पार्लरच्या काचेवर मोराची वेल नि नाव पाहिजे. काच बाहेरून धूळ खाते म्हणून आतून लावायची म्हणतात. त्याला वेगळं काय करावं लागतं?

रेडियमवाला_शहापूर

लई आनंद झाला ताई, खरंच.

आतून लावायचं तर सगळं उलटं कापायचं. पूर्ण झालेली फाईल, अक्षरं पाथ केलेली, सगळं एकत्र निवडून ग्रुप करा नि एच दाबा. एकेक निवडून उलटवू नका, प्रत्येक अक्षर जागच्या जागी उलटतं नि नाव वाचता येत नाही. दुकानदाराला स्पष्ट सांगा की मी उलटवून आणलंय, नाहीतर तोही मिरर दाबतो नि परत सरळ होतं. फाईलच्या नावातच उलटं असं लिहा.

लावायच्या आधी काच पाण्यात दोन थेंब शॅम्पू टाकून पुसा, ओल्या काचेवरच चिकटवा म्हणजे सरकवून मधोमध घेता येतं, मग प्लास्टिकच्या पट्टीने मधून बाहेर पाणी काढत जावा. मोराच्या पिसाऱ्याची टोकं शेवटी दाबा, नि स्टिकर उचलून लावायला वर चिकटवलेला कागद सोलायची घाई करू नका, पाणी सुकू दे.